दोन गोल, आठ खुंट्या

"ही पोर मुकी शे का?"

माझ्या पाठीमागे, वेल्डिंगच्या मशीनजवळ उभ्या असलेल्या आबांनी हे आमच्या पीटीच्या सरांना विचारलं. विचारलं हळूच, पण पत्र्याच्या शेडमध्ये हळू बोललेलंही घुमतं. मी गुडघ्यावर बसून एका लोखंडी पाइपाचं माप घेत होते.

सर हसले. "नाही हो आबा. इंग्लिश मिडियमची आहे."

"मंग तेच ते," आबा म्हणाले.

माझ्या हातून टेप सुटला. तो सर्रकन आत गेला आणि त्याची पट्टी बोटाला लागली. मी वळून पाहिलं नाही. मला अहिराणी कळते. धुळ्याला आमच्या घरात सगळे एकमेकांशी तीच बोलतात. फक्त माझ्याशी बोलायची वेळ आली की आत्या, काका, अगदी दूधवालेसुद्धा एकदम शुद्ध मराठीवर यायचे, दारात आलेल्या परक्या माणसाशी बोलावं तसे. मुलीचं इंग्रजी बिघडू नये म्हणून मराठी कमी, आणि मराठी बिघडू नये म्हणून अहिराणी नाहीच, असं ते काहीतरी होतं. त्यामुळे मला सगळं कळतं आणि मला कळतं हे कोणाला कळत नाही. स्वतःबद्दल मी पुष्कळ ऐकलेलं आहे.

मी वहीत माप लिहिलं आणि बोट तोंडात धरलं.

मी तेव्हा नशिराबादच्या अलीकडे, महामार्गाला लागून असलेल्या एका शाळेच्या ऑफिसात होते. इंग्रजी पत्रं, प्रवेशाचे अर्ज, बसच्या याद्या हे माझं काम. जळगावात एक खोली घेऊन राहत होते आणि शाळेच्याच बसने जात-येत होते. शिक्षिका मधल्या सुट्टीत एकत्र डबे उघडायच्या. पहिल्या महिन्यात त्यांनी मला तीन-चारदा बोलावलं. मी "हो, येतेच" म्हणायची आणि उगाच काहीतरी टाइप करत बसायची. एकदा थंडीत कोणीतरी भरीत आणलं होतं, त्याचा वास ऑफिसपर्यंत आला होता. तेव्हाही मी उठले नाही. मग त्यांनी बोलावणं सोडलं. त्यात त्यांची काही चूक नव्हती.

संस्थेच्या अध्यक्षांना सगळे नाना म्हणत. मुलं मैदानात चपला ठेवून फुटबॉल खेळतात हे त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बरं दिसत नाही हे. दोन चांगले गोल आणा." अट एकच: गोल उचलून बाजूला ठेवता आले पाहिजेत. कारण लग्नसराईत दर रविवारी आमचं मैदान लग्नाला दिलं जायचं. आसपास तेवढी सपाट जागा दुसरी नव्हती, आणि आमच्याकडे लग्नाच्या कामाला कोणी नाही म्हणत नाही. शाळेच्या सतरंज्या, बाकं, पाण्याचे पिंप, एकदा तर प्रयोगशाळेतली टेबलंही लग्नाला जाऊन आली होती. हळदीचे डाग अजून आहेत त्यांवर.

माहिती मागवायचं काम माझ्याकडे आलं. मी फोन करत नाही. फोन वाजला तर तो थांबेपर्यंत बघत बसते आणि मग मेसेज करते. म्हणून मी बाहेरगावच्या दोन-तीन कंपन्यांना पत्रं लिहिली. त्यांनी जाडजूड कॅटलॉग पाठवले. ते इंग्रजीत होते, म्हणून ऑफिसात ते कोणी उघडले नाहीत. मी खोलीवर संध्याकाळी वाचायची. गॅसवर खिचडी आणि मांडीवर गोलांची चित्रं. आई फोनवर विचारायची, "काय करतेस?" मी म्हणायची, "काही नाही." खरं तर त्या आठवड्यांत मी खूप काही करत होते. गोल कसा पडतो हे शिकत होते.

गोल पडतो तो पुढे, तोंडावर. त्याचं सगळं वजन पुढच्या दोन खांबांत आणि वरच्या आडव्या दांडीत असतं, मागे फक्त जाळीची हलकी चौकट. कोणी वरच्या दांडीला लोंबकळलं की मागची चौकट उचलली जाते. एकदा का ती वीतभर उचलली गेली की मग थांबत नाही. म्हणून गोल मागून जमिनीला जखडायचा असतो. लहान मुलांसाठी उंची कमी हवी. जाळी अडकवायला लोखंडी आकडे नकोत, त्यात अंगठी किंवा बोट अडकतं. आणि ज्याचं मला सगळ्यात नवल वाटलं ते हे की जड गोल जास्त सुरक्षित नसतो. तो पडायला वेळ घेईल कदाचित, पण पडला तर कोणाला सोडणार नाही.

हे वाचताना मला एक मैदान दिसत राहायचं.

मी पाचवीत होते. धुळ्याच्या आमच्या शाळेत मैदानावरही इंग्रजीतच बोलायचा नियम होता. मराठी शब्द तोंडातून गेला की गळ्यात एक लाकडी पाटी घालावी लागे, आणि पुढचा कोणी सापडेपर्यंत ती उतरत नसे. माझी एक मैत्रीण होती. एकच होती. ती हॉकीच्या गोलाच्या दांडीला धरून झोके घेत होती आणि मी मागे उभी होते. मला मागची पट्टी उचलली जाताना दिसली. एकदा, मग पुन्हा, दुसऱ्या वेळी जरा जास्त. समोर मिस होत्या. मी मनात वाक्य जुळवायला लागले. मिस, द गोल इज... पुढे काय? पडतोय, पडणार आहे, उचलला जातोय, यातलं कुठलं? मी अजून जुळवतच होते आणि गोल पडला.

तिचं मनगट मोडलं आणि हनुवटीला टाके पडले. ती वाचली, आता तिचं लग्नही झालं आहे. पण प्लास्टर काढून ती परत आली तेव्हा दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. मला दिसलं होतं हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, तरी मला वाटत राहिलं की तिला ते माहीत आहे. मी विचारलं नाही. पुढची पाच वर्षं माझ्या शेजारची जागा बहुतेक रिकामीच होती.

म्हणून आमच्या शाळेच्या गोलांसाठी मी मराठीत दोन पानांचं टिपण लिहिलं. इतकं सोपं लिहिलं की सहावीतल्या मुलाला कळावं. कमिटीच्या बैठकीत ते नानांच्या पुढ्यात ठेवलं आणि भिंतीजवळच्या खुर्चीवर बसले.

नानांनी ते वाचलं. निदान डोळे फिरवले. "छान लिहिलं आहे," ते म्हणाले. "अक्षर असावं तर असं. फाईलला लावा." मग पीटीच्या सरांकडे वळून म्हणाले, "आपले आबा आहेत ना फॅब्रिकेशनवाले? त्यांच्याकडून करून घ्या. जाड पाइप घाला म्हणावं. चांगला चार माणसांनी उचलावा असा जड. एकदम पक्का."

सगळ्यांनी माना हलवल्या. जड नको हे त्याच टिपणात दुसऱ्या परिच्छेदात लिहिलेलं होतं. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात चहा आला.

अशी मी आबांच्या शेडमध्ये पोचले होते. आबा शेतीची अवजारं, केळीच्या बागेतल्या गाड्या, कूलरचे स्टँड आणि गावातली निम्मी फाटकं करत. सत्तरीचे असतील. त्यांनी मला मुकी ठरवल्यावर मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यात मी चित्र काढलं होतं: हलके पाइप, मागे लांब चौकट, चौकटीच्या मागच्या पाइपाला चार कड्या, आणि प्रत्येक कडीतून जमिनीत जाणारी लांब खुंटी. शेजारी एक मुलगी दांडीला लोंबकळलेली काढली होती आणि मागच्या बाजूला वर जाणारा बाण.

आबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वही डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ पाहिलं. पीटीचे सर म्हणाले, "आबा, नानांनी जड सांगितलंय."

"नाना फाटक नही बनावत," आबा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, मुक्या माणसाशी बोलतात तसं मोठ्याने आणि हातवारे करत म्हणाले, "बैल खुटा जोरमां नही उपाडस. हालाई हालाई उपाडस." बैल काही जोर लावून खुंटा उपटत नाही, हलवून हलवून उपटतो. त्यांनी मुठीने हवेतला खुंटा हलवून दाखवला. "म्हणून सरळ खुंटी चालणार नाही. पीळ द्यावा लागेल. आपल्याकडची काळी माती, पाणी ओसरलं की तोंड उघडते. सरळ खुंटी सैल होते तिच्यात."

कॅटलॉगात मला जे कळायला तीन संध्याकाळी लागल्या होत्या ते त्यांनी बैलावरून सांगितलं. मला खूप बरं वाटलं. 'अगदी बरोबर, आबा' असं म्हणायचं होतं. मी मान हलवली.

त्यांनी गोल माझ्या चित्राप्रमाणे हलकेच केले, आणि त्यांच्यासाठी आठ खुंट्या केल्या. हातभर लांब, टोकाला स्क्रूसारखा पीळ, वर आडवी मूठ. लाल रंग दिला. जमिनीत फिरवून बसवल्या की दोन माणसांनी ओढूनही हलत नव्हत्या. गोल आले त्या दिवशी नारळ फोडला, वरच्या दांडीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचे हार घातले. नाना मधोमध, एका बाजूला मुख्याध्यापिका, दुसऱ्या बाजूला पीटीचे सर. फोटो मी काढला. तो अजून ऑफिसच्या भिंतीवर असेल. त्यात मी नाही, पण नीट पाहिलं तर गवतात चार लाल ठिपके दिसतात.

मी पेंटरकडून एक पाटीही करून घेतली. 'गोलाला लोंबकळू नये. खुंट्या काढू नयेत.' ती कुंपणाला लावली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर कोणीतरी शर्ट वाळत घातला होता.

तरी दोन महिने बरे गेले. माझ्या टेबलापासून खिडकीतून उत्तरेकडचा गोल दिसायचा. मधल्या सुट्टीत डबा खाताना मी त्याच्याकडे बघायची. मुलं खेळायची, हरायची, भांडायची. आठवड्यातून एकदा शाळा सुटल्यावर मी जाऊन आठही खुंट्या हलवून बघायची. शिपाईमामा म्हणायचे, "मॅडम, देवाला प्रदक्षिणा घालता का?" मी हसायची. दिवसभरात माझ्याशी झालेलं तेवढंच बोलणं असेल, असेही काही दिवस होते.

मग तुळशीचं लग्न झालं आणि लग्नं सुरू झाली. पहिल्या रविवारसाठी शनिवारीच मामांनी खुंट्या काढल्या, गोल भिंतीशी नेले आणि सोमवारी सकाळी सगळं परत लावलं. दुसऱ्या रविवारचं लग्न नानांच्या नात्यातलं होतं. त्या सोमवारी मी बसमधून उतरले तेव्हा गोल जागेवर होते. मैदानाच्या एका कडेला मंडपवाल्यांचा टेम्पो उभा होता, खुर्च्या चढवत होते. मी नेहमीच्या सवयीने गवताकडे पाहिलं. लाल काही दिसलं नाही.

मामा व्हरांड्यात झाडत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि गोलाकडे बोट दाखवलं.

"खुंट्या ना? मंडपवाले घेऊन गेले," ते म्हणाले. "त्यांना फार आवडल्या. म्हणाले, वाऱ्यात मंडप हलला नाही बघा. आज फैजपूरकडे दुसरं लग्न आहे, तिथे पाठवल्या. येतील दोन दिवसांत परत. आपलीच माणसं आहेत, कुठे जातात?"

मी ऑफिसात गेले. पीटीच्या सरांना मेसेज केला. ते दोन दिवस धुळ्याला प्रशिक्षणाला होते, मेसेज पाहिला गेला नाही. मुख्याध्यापिका पालकांबरोबर आत होत्या. मी चिठ्ठी लिहिली: 'खुंट्या नसल्यामुळे गोल धोकादायक आहेत. कृपया आज मैदान बंद ठेवावे.' 'धोकादायक'खाली रेघ मारली आणि चिठ्ठी मामांच्या हाती आत पाठवली. मामा बाहेर आले. "ठेवली टेबलावर. बघते म्हणाल्या."

तिसरा तास सहावीच्या मुलींचा पीटीचा होता. सर नव्हते म्हणून गणिताच्या बाई त्यांना मैदानावर सोडून सावलीत वह्या तपासत बसल्या. मी खिडकीतून बघत होते. मी मुख्याध्यापिकांच्या दाराकडे पाहिलं, ते अजून बंद होतं. फोन उचलला आणि ठेवला. कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात 'गोलाजवळ जाऊ नये' असं लिहायला घेतलं. 'गोलाजवळ' एवढं लिहून झालं आणि मी वर पाहिलं. मुली चेंडू सोडून उत्तरेकडच्या गोलाशी गोळा झाल्या होत्या. दोन वेण्यांची एक उंच मुलगी उडी मारून दांडीला लटकली होती. पाय पुढे, पाय मागे. बाकीच्या मोजत होत्या, "एक, दोन, तीन..."

मागची चौकट गवतातून उचलली गेली. खाली टेकली. पुन्हा उचलली गेली, या वेळी जरा जास्त.

आता मी वाक्य जुळवायला थांबले नाही. मी पळाले. पायऱ्यांवर चप्पल सुटली, ती तिथेच राहिली. मैदान एवढं मोठं आहे हे मला कधी जाणवलं नव्हतं. आवाज मात्र निघाला नाही. तोंड उघडं होतं आणि त्यातून नुसता वारा येत-जात होता. मी मुलींकडे गेलेच नाही, सरळ गोलाच्या मागे गेले आणि त्या वर आलेल्या पाइपावर दोन्ही पायांनी उभी राहिले. पाइप खाली गेला. धप्प आवाज झाला, दांडी थरथरली आणि ती मुलगी घाबरून हात सोडून गवतात उतरली. पायांवरच उतरली. काही झालं नाही तिला.

सगळ्या मुली जाळीतून माझ्याकडे बघत होत्या. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, आणि मी पाइपावर.

"मॅडम, तुम्ही गोलकीपर आहात का?" एकीने विचारलं. बाकीच्या हसल्या. "अगं, गोलकीपर पुढे असतो, मागे नाही."

मी त्या पाइपावरच खाली बसले. तिथून उठले तर गोल पुन्हा मोकळा होणार, हे एवढंच मला कळत होतं. माझं वजन ते किती, पण त्या घडीला त्या गोलाला तेवढीच एक खुंटी होती.

गणिताच्या बाई आल्या. "अगं, चक्कर आली का? पाणी आणू?" मामा माझी चप्पल हातात घेऊन आले. मंडपवाल्यांचा एक माणूस खुर्ची खाली ठेवून आला. आणि हिशेबासाठी की कशासाठी त्या दिवशी नेमके मैदानावर आलेले नानाही धोतर सावरत आले. सगळे माझ्याभोवती उभे राहिले. आयुष्यात इतकी माणसं माझ्याभोवती एकदम कधी उभी राहिली नव्हती, आणि सगळी मी काही बोलते का ते बघत होती.

"काय झालं, बेटा?" नानांनी विचारलं.

मी खाली गवताकडे बोट दाखवलं. जिथे खुंटी होती तिथे काळ्या मातीत पीळ पडलेलं एक गोल भोक होतं.

मामाच म्हणाले, "खुंट्यांचं असेल, नाना. सकाळपासून त्याच्याच मागे आहेत मॅडम."

"हां, त्या होय," मंडपवाला म्हणाला. "अहो मॅडम, परवा आणून देतो ना. लग्नाचं काम आहे. कोणाच्या मुलीच्या मांडवाला नाही म्हणायचं का?"

"तेही खरंच," नाना म्हणाले. "दोन दिवसांचा तर प्रश्न. उठा, ऊन लागेल."

बाईंनी माझ्या दंडाला धरलं, हळूच, उठवायला. दोन वेण्यांची ती मुलगी जाळीला बोटं अडकवून उभी होती. तिच्या हनुवटीवर खेळातली माती लागली होती. ती पुसायची तिला आठवण नव्हती. मी तिच्याकडे बघत राहिले. मग बाईंचा हात दंडावरून काढला आणि मान वर करून बोलले. आवाज मला वाटला होता तेवढा बारीक नव्हता.

"नाना, हे गोल मी निवडलेत. आठही खुंट्या परत येईपर्यंत मी इथून उठणार नाही."